आठव्या कलमातलं ‘तरीही’

कंपनीच्या कामासाठी मी चार महिने बॉस्टनला होतो. तेव्हा एका रविवारी लोकल पकडून सेलमला गेलो. अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडलं की चेटकिणीच चेटकिणी. दुकानांत टोकदार काळ्या टोप्या, चहाच्या मगावर चेटकीण, पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण. १६९२ साली इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फासावर चढवलं. एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून चिरडून मारलं. निदान पाच जण तुरुंगातच मेले. आज त्याच प्रकरणावर गावाचा पर्यटनाचा धंदा चालतो.

बाजारापासून जरा आत एक स्मारक आहे. दगडी कुंपण आणि त्या भिंतीतून बाहेर आलेली वीस दगडी बाकं. प्रत्येकावर एक नाव आणि मरणाची तारीख. मी एका बाकाचा फोटो काढला आणि आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘बायकांना जिवंत जाळणारे हे लोक आपल्याला अक्कल शिकवणार!’ त्यावर आठ अंगठे.

दोस्तहो, त्या उत्तरात दोन चुका आहेत. पहिली लहान आहे. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही, फाशी दिली. शिवाय मरणाऱ्यांत पुरुषही होते. दुसरी चूक मोठी आहे आणि हा लेख तिच्यासाठी आहे. आपण समजतो की असले प्रकार अडाणी, धर्मवेडी गर्दी करते आणि आपण शिकलेले असल्यामुळे त्यातून सुटलो. सेलममध्ये ज्या माणसाच्या लेखणीने फाशीला प्रतिष्ठा मिळाली, तो त्या वसाहतीतल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एक होता. त्याचं नाव कॉटन मॅदर.

मॅदरचा जन्म बॉस्टनमध्ये १६६३ साली झाला. बाप धर्मगुरू, दोन्ही आजे धर्मगुरू, प्युरिटन पंथाच्या पहिल्या फळीतले. पोरगा अकराव्या वर्षी हार्वर्डला गेला आणि पंधराव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर आला. बोलताना अडखळायचा, म्हणून प्रवचन जमेल की नाही या भीतीने त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला. पुढे जीभ सुटली आणि बापाबरोबर तो बॉस्टनच्या मोठ्या चर्चमध्ये प्रवचनं देऊ लागला. आयुष्यात लहानमोठी चारशेच्या आसपास पुस्तकं आणि पुस्तिका छापल्या. १७१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य म्हणून निवडलं. सेलमच्या वेळी तो २९ वर्षांचा होता. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचा.

सेलमच्या आधी चार वर्षं बॉस्टनमध्ये एक खटला झाला होता. एका गवंड्याची मुलं विचित्र वागू लागली, झटके येऊ लागले. संशय गेला ग्लोव्हर नावाच्या एका गरीब आयरिश बाईवर. ती कॅथलिक होती, म्हणजे त्या प्युरिटन गावात परक्या धर्माची. न्यायालयात ती आपल्या आयरिश भाषेत बोलली, दुभाषे लावावे लागले. घरात चिंध्यांच्या बाहुल्या सापडल्या. प्रार्थना म्हणायला लावली तर ती पूर्ण म्हणता आली नाही. झालं, चेटकीण ठरली आणि फासावर गेली. मॅदर तिला तुरुंगात भेटला होता. त्या मुलांपैकी एकीला त्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि १६८९ साली या सगळ्यावर पुस्तक छापलं. सेलममध्ये मुलींना झटके येऊ लागले, तेव्हा लोकांनी काय पाहिलं म्हणजे काय समजायचं, हे त्या पुस्तकाने आधीच सांगून ठेवलं होतं.

आता सेलमचा मुख्य पुरावा काय होता ते पाहा. फिर्यादी मुलगी म्हणायची, अमक्या बाईची आकृती माझ्याजवळ आली, मला चिमटे काढले, माझा गळा दाबला. ती बाई त्या वेळी मैलभर दूर आपल्या घरी असेल, तरी चालेल. आकृती फक्त फिर्यादीला दिसते, बाकी कुणालाही नाही. याला आपण छायेची साक्ष म्हणू.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. टेस्टर येऊन म्हणाला की तुझ्या कोडमध्ये बग आहे, तर मी विचारतो: कुठल्या स्क्रीनवर? काय काय केल्यावर? मला करून दाखव. बग फक्त त्याच्याच डोळ्यांना दिसत असेल आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनवर येतच नसेल, तर त्यावरून कुणी कोड काढून टाकत नाही. सेलममध्ये माणसं काढून टाकली.

हे मॅदरला कळत नव्हतं का? कळत होतं. ३१ मे १६९२ रोजी, खटले सुरू होण्यापूर्वी, त्याने जॉन रिचर्ड्स या न्यायाधीशाला पत्र लिहिलं. निव्वळ छायेच्या साक्षीवर भार टाकू नका, सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, असा त्याचा आशय. १० जूनला ब्रिजेट बिशप या बाईला पहिली फाशी झाली. मग गव्हर्नर फिप्सने बॉस्टनच्या धर्मगुरूंना सल्ला विचारला. १५ जूनला त्यांनी लेखी उत्तर दिलं. मसुदा मॅदरचा. एकूण आठ कलमं.

पहिल्या कलमात पीडितांबद्दल करुणा आणि दुसऱ्यात आतापर्यंतच्या तपासाबद्दल देवाचे आभार. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत शंकाच शंका. फार सावधगिरी हवी. आरोपीशी, विशेषतः ज्यांची आजवरची अब्रू चांगली आहे अशांशी, नरमाईने वागा. गोंगाट नको. छायेच्या साक्षीपेक्षा भक्कम पुरावा असल्याशिवाय दोषी ठरवू नका. आरोपीने बघितल्यावर किंवा स्पर्श केल्यावर पीडिताला काही होतं, हीसुद्धा पक्की खूण मानू नका. वाचताना वाटतं, किती समंजस माणूस!

आणि मग आठवं कलम. त्याची सुरुवात होते ‘तरीही’ने. तरीही, आम्ही शासनाला अशी शिफारस करतो की गुन्हेगारांवर झपाट्याने आणि जोमाने कारवाई व्हावी.

मुख्य न्यायाधीश स्टॉटनला हेच हवं होतं. पाच कलमांच्या शंका त्याने फाईलला लावल्या आणि आठवं कलम अंमलात आणलं. पुढच्या तीन महिन्यांत आणखी अठरा जणांना फाशी झाली.

त्यातली एक फाशी मी ज्या बाकाचा फोटो काढला त्या माणसाची. जॉर्ज बरोज हा स्वतः धर्मोपदेशक, हार्वर्डचाच पदवीधर. १९ ऑगस्टला फाशीच्या शिडीवर उभं राहून त्याने आपण निर्दोष असल्याचं सांगितलं आणि ख्रिस्ती लोकांची मुख्य प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. चेटूक करणाऱ्याला ती बिनचूक म्हणता येत नाही, अशी लोकांची समजूत होती. गर्दी हलली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फाशी थांबते की काय असं वाटू लागलं. बॉस्टनच्या रॉबर्ट कॅलेफ या कापड व्यापाऱ्याने पुढे जे लिहून ठेवलं त्यानुसार, त्या वेळी घोड्यावर बसलेल्या मॅदरने लोकांना समजावलं: हा काही रीतसर दीक्षा मिळालेला धर्मगुरू नव्हे, आणि सैतान कित्येकदा देवदूताचं रूप घेऊन येतो. गर्दी शांत झाली. उरलेल्या फाशा झाल्या.

ग्लोव्हरबाई प्रार्थनेत अडखळली, तो पुरावा. बरोज अडखळला नाही, तोही पुरावा. एकदा निकाल ठरला की आरोपीच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ त्याच्या विरोधातच लागतो. ही तर्कपद्धती तुम्ही कधी अनुभवली आहे का, हे मी तुम्हाला विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे.

मॅदर एकाही खटल्याला हजर राहिला नव्हता. तरी त्याच शरद ऋतूत त्याने न्यायालयाच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलं. कारकुनाकडून कागद मागवले आणि पाच खटले निवडून सांगितले. बरोजचा त्यांत पहिला. १६९७ साली त्याने गव्हर्नर फिप्सचं चरित्र छापलं. त्यात धर्मगुरूंचा तो सल्ला दिला, पण पहिलं, दुसरं आणि आठवं कलम गाळून. फक्त शंका छापल्या. ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ म्हणायला माणूस मोकळा!

इथे एक वकिली नेहमी ऐकू येते: ‘अहो, तो त्या काळचा माणूस होता. आजच्या फुटपट्टीने मोजू नका.’ ठीक आहे. त्याच काळाची फुटपट्टी घेऊ. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल हा त्याच न्यायालयावरचा न्यायाधीश पहिल्या फाशीनंतर बाहेर पडला. थॉमस ब्रॅटल या व्यापाऱ्याने ऑक्टोबर १६९२ मध्येच पत्र लिहून या पुराव्याच्या चिंधड्या उडवल्या. मेरी ईस्टी ही शेतकऱ्याची बायको. फाशीची शिक्षा झाल्यावर तिने अर्ज केला. स्वतःचा जीव मागितला नाही. यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नये म्हणून तपासाची रीत बदला, एवढंच मागितलं. २२ सप्टेंबरला तिला फाशी झाली. सॅम्युएल सीवॉल या न्यायाधीशाने १६९७ साली भर चर्चमध्ये उभं राहून आपल्या वाट्याचा दोष कबूल केला. मॅदरच्या बापाने, इन्क्रीज मॅदरने, ऑक्टोबर १६९२ मध्येच लिहिलं की एका निरपराधाला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. बापानेही शेवटी न्यायाधीशांची पाठराखण केली हे खरं, पण वाक्य तर लिहिलं. आणि छायेची साक्ष बाजूला ठेवल्याबरोबर काय झालं? जानेवारी १६९३ मध्ये नव्या न्यायालयासमोर बहुतेक सगळे सुटले. उरलेल्या तिघींची फाशीही गव्हर्नरने रोखली.

म्हणजे त्या काळात दुसरे रस्ते होते. शेतकऱ्याच्या बायकोला दिसले, कापडवाल्याला दिसले. मॅदरलाही दिसले, पण तो त्यावर चालला नाही. सीवॉलच्या कबुलीच्या दुसऱ्या दिवशी त्याने रोजनिशीत भीती व्यक्त केली की न्यायाधीशांना पुरेशा जोराने थांबवलं नाही म्हणून आपल्या घरावर देवाचा कोप होईल. रोजनिशीत. चारचौघांत कधीच नाही.

एवढं वाचून मॅदरला सैतान ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं. तेही करू नका, कारण याच माणसाने पुढे हजारो जीव वाचवणाऱ्या गोष्टीसाठी शिव्या खाल्ल्या.

१७०६ साली त्याच्या चर्चच्या लोकांनी त्याला एक आफ्रिकी गुलाम विकत घेऊन भेट दिला. मॅदरने त्याचं नाव ठेवलं ओनेसिमस. तुला कधी देवी आल्या होत्या का, असं मॅदरने विचारलं. तो म्हणाला, आल्या होत्या आणि नव्हत्याही. त्याच्या मुलखात देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत छेद देऊन घालतात. थोडा ताप येतो आणि मग देवी कधीच होत नाहीत. त्याने दंडावरचा व्रण दाखवला. मॅदर त्यावर थांबला नाही. बॉस्टनमधल्या इतर आफ्रिकी लोकांना वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांची हकीगत जुळली, व्रणही जुळले. पुढे रॉयल सोसायटीच्या अंकात त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या टिमोनियस या डॉक्टरचा वृत्तांत वाचला. तुर्कस्तानातही हीच रीत. १७१६ साली त्याने लंडनला कळवलं की हे मला माझ्या नोकराकडून आधीच माहीत होतं.

१७२१ साली जहाजातून बॉस्टनला देवीची साथ आली. मॅदरने शहरातल्या डॉक्टरांना टोचणी करून पाहायला सांगितलं. झॅब्डिएल बॉइल्स्टन हा एकटा तयार झाला. २६ जूनला त्याने स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातल्या दोन गुलामांना टोचलं. गाव खवळलं. शहरात वैद्यकाची पदवी असलेला एकच माणूस होता, विल्यम डग्लस. त्याने आफ्रिकी लोकांच्या साक्षीची टर उडवली. काफरांची ही रीत ख्रिस्ती माणसाने उचलावी का, असाही सवाल झाला. नोव्हेंबरमध्ये एका पहाटे मॅदरच्या घरात खिडकीतून पेटता बॉम्ब फेकला गेला. सोबत शिव्यांची चिठ्ठी. वात निखळली म्हणून तो फुटला नाही. मॅदर मागे हटला नाही. १७१३ सालच्या गोवराच्या साथीत त्याची बायको, तान्ही जुळी, दोन वर्षांची मुलगी आणि मोलकरीण दोन आठवड्यांत गेली होती. साथ म्हणजे काय हे त्याला माहीत होतं.

साथ ओसरल्यावर हिशेब झाला. सुमारे अकरा हजारांच्या शहरात सहा हजारांच्या आसपास लोकांना देवी झाल्या, त्यातले ८४४ मेले. म्हणजे शंभरात चौदा. टोचून घेतलेले अडीचशेच्या आसपास, त्यातले सहा मेले. म्हणजे शंभरात दोन ते तीन. बेंजामिन फ्रँकलिनच्या भावाच्या वर्तमानपत्राने टोचणीची यथेच्छ टिंगल केली होती. पुढे १७३६ साली फ्रँकलिनचा स्वतःचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला. त्याला टोचलं नाही याची खंत त्याने आत्मचरित्रात लिहिली. त्याच आत्मचरित्रात मॅदरच्या सत्कार्यावरच्या पुस्तकाने आपल्याला वळण लावलं, हेही लिहिलं.

माणूस तोच, मेंदू तोच. मग १६९२ आणि १७२१ मध्ये फरक कुठे पडला? १७२१ चा पुरावा कुणालाही तपासता येत होता. व्रण बघता येत होता, दहा जणांना विचारता येत होतं, मेलेले आणि जगलेले मोजता येत होते. १६९२ चा पुरावा एकाच माणसाला दिसत होता आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो खोडताच येत नव्हता. आणि १७२१ मध्ये मॅदरने आपल्या मताची किंमत स्वतः मोजली. टोचलेल्यांत त्याचा मुलगा होता, बॉम्ब त्याच्या घरात पडला. १६९२ मध्ये ‘तरीही’ लिहिण्याची किंमत दुसऱ्यांनी दिली.

ओनेसिमसच्या बाबतीत मात्र जुना ‘तरीही’ सुटला नाही. १७०६ सालीच मॅदरने पुस्तिका लिहून मालकांना बजावलं होतं की हा काळा माणूस माणूसच आहे, त्यालाही आत्मा आहे, त्याला धर्म शिकवा. तरीही बाप्तिस्मा दिला म्हणून त्याला मुक्त करावं लागत नाही, घाबरू नका! ओनेसिमसला पुढे अटी घालून अर्धवट सुटका मिळाली, तीही आपल्या जागी दुसरा गुलाम घ्यायला पैसे दिल्यावर. आपल्याबद्दलही मॅदरने लिहिलं आहे. इब्न तुफैलच्या हय इब्न यक्जानची कथा त्याला माहीत होती. एका मुसलमानाला बुद्धीच्या जोरावर देवापर्यंत इतकं पोचता आलं, याची त्याने तारीफ केली. पण ती ख्रिस्ती वाचकाला लाज आणण्यासाठी: बघा, मुसलमानालासुद्धा कळलं!

आता माझ्या आठव्या कलमाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ॲपवर काम करत होतो. छोटी कर्जं देणारं ॲप. अर्ज आला की आमची प्रणाली त्याला गुण द्यायची; गुण कमी तर अर्ज नामंजूर. तपासताना माझ्या लक्षात आलं की काही पिनकोडमधून आलेल्या जवळपास सगळ्या अर्जांना कमी गुण मिळताहेत, मग माणसाची कमाई काही का असेना. त्यातला एक पिनकोड माझ्या आजोळचा होता. तिथे कोण राहतं हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी मेल लिहिला. पाच शंका, आकड्यांसह, मुद्देसूद. आणि शेवटची ओळ: ‘तरीही ठरलेल्या तारखेला सुरू करायला हरकत नाही, सुधारणा पुढच्या टप्प्यात करू.’ ॲप सुरू झालं. पुढचा टप्पा आला नाही. मी तो कधी आठवणही करून दिला नाही.

ईदला आजोळी गेलो तेव्हा मामेभावाने मोबाईल पुढे केला. त्याचं गॅरेज आहे, कॉम्प्रेसरसाठी साठ हजार हवे होते. तेच ॲप. ‘आपला अर्ज निकषांत बसत नाही.’ तो म्हणाला, ‘भाईजान, निकष म्हणजे नेमकं काय हो? काय कमी पडलं सांगितलं तर भरून काढतो.’ मी म्हणालो, बघतो. निकष मला माहीत होता. त्याच्याविरुद्धची साक्ष त्याला दिसत नव्हती, खोडता येत नव्हती. आणि तिच्याखाली माझा मेल होता, शंकांनी भरलेला, अगदी समंजस.

सेलमला मी त्यानंतर गेलो. म्हणून त्या बाकापुढे उभा असताना ग्रुपवरचे आठ अंगठे मला टोचले. स्वतःला बरोजच्या बाकावर बसवायची आपल्याला सवय आहे. अनेकदा ते खरंही असतं, आणि त्याविरुद्ध लढायलाच हवं. पण आपल्या पिढीत इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, वकील, शिक्षक, पत्रकार आहेत. आपल्या हातात लेखणी आहे, सही आहे, कीबोर्ड आहे. म्हणजे घोड्यावरची जागाही आता आपल्याला मिळते.

आणि ती फक्त ऑफिसात मिळते असं नाही. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एखाद्या मुलीचा स्क्रीनशॉट येतो. कुणी काढला, खरा की जोडलेला, माहीत नसतं. गावातले शिकलेसवरलेले लोक पुढे पाठवताना लिहितात: ‘खातरजमा झालेली नाही, तरीही पालकांनी सावध राहावं.’ कुणाच्या अकीद्यावर कुजबूज सुरू होते आणि समजूतदार मंडळी म्हणतात, आमचा विश्वास नाही, तरीही आगीशिवाय धूर निघत नाही. ‘आलं तसं पाठवलं’ हे आपलं आठवं कलम आहे. बातमी आली तर आधी तहकीक करा, गुमानापासून जपा, हे सूरह हुजुरातमधून आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी पुढे पाठवतो.

शंका असणं हे मोठेपण नाही. शंका मॅदरलाही होती, उत्तम मराठीत मला होती. शंका आहे तर सही करू नका. पुरावा ज्याच्याविरुद्ध आहे त्याला तो दाखवा. दाखवता येत नसेल तर तो वापरू नका. आणि चुकलात तर रोजनिशीत नको, जिथे चुकलात तिथे उभं राहून बोला. म्हणून हे इथे लिहितो आहे.

यंदा त्याच प्रणालीची नवी आवृत्ती आली. पिनकोड तसाच. मी पुन्हा पाच मुद्दे लिहिले आणि शेवटी लिहिलं की हे दुरुस्त होईपर्यंत मी मंजुरी देणार नाही. तारीख तीन आठवडे पुढे गेली. मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलतात. निर्णय अजून व्हायचा आहे. मामेभावाला मात्र निकष म्हणजे काय ते मी सांगितलं. ऐकून तो बराच वेळ गप्प होता.

सेलम प्रकरणात दोषी ठरलेल्यांपैकी शेवटचं नाव एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीचं. तिला फाशी झाली नाही, पण दोषाचा शिक्का पुसला गेला नाही. तो पुसला गेला २०२२ साली, म्हणजे ३२९ वर्षांनी. त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेच्या आठवीतल्या मुलांनी जुने कागद शोधले, पत्रं लिहिली, लोकप्रतिनिधींचा पिच्छा पुरवला. तेरा-चौदा वर्षांची पोरं. त्यांच्या अर्जात ‘तरीही’ नव्हतं.